टाचेवरचा बिब्बा आणि सीआरपी

"ईसीजी ठीक, इको ठीक. सोडून द्या त्याला," सर राउंडवर म्हणाले. मी भानुदासचा रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. सीआरपी वाढला होता.

सीआरपी म्हणजे शरीरात कुठे दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. हार्ट अटॅकनंतर दोन-तीन दिवस ते चढतं, मग उतरायला लागतं. उतरलं नाही, तर पुढच्या गुंतागुंतीची भीती असते. भानुदासचा आज पाचवा दिवस, आणि आकडा कालच्यापेक्षा जास्त.

भानुदास चकलांब्याकडचा ऊसतोड कामगार. त्याला आकड्याशी देणंघेणं नव्हतं. "उद्या ट्रक निघतोय, मॅडम. मुकादम थांबत न्हाई. नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. मी न्हाई गेलो तर हिलाबी टोळीत जागा न्हाई."

"आणि उसाच्या फडात छातीत दुखलं तर तिथं डॉक्टर कोण आहे?" मी विचारलं.

मी त्याला नव्यानं तपासायला घेतलं. पायावरचं पांघरूण काढलं, तर टाच लालभडक, फोड आलेले, त्यात पू. त्याची बायको चंद्रकला पुढे आली. "फडात लई भेगा पडत्यात. म्हणून परवा बिब्ब्याचं तेल लावलं. हितंच, गुपचूप."

बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. आमच्या वॉर्डात, आमच्या डोळ्यांदेखत हे झालं होतं. मला भयंकर राग आला, तिचा आणि आमचाही.

सर मात्र खूश. "सापडलं कारण. ड्रेसिंग करा, गोळ्या द्या आणि सोडा."

"टाच बरी होऊन आकडा उतरू दे, सर. मग सोडू."

"आणि नाही उतरला तर?"

"तर टाचेशिवाय आणखी काही आहे."

सर वैतागले, पण त्यांनी डिस्चार्जवर सही केली नाही.

ट्रक गेला. चंद्रकलानं माझ्याशी बोलणं टाकलं. दोन दिवसांत टाच सुकली, आकडा चढतच राहिला. तिसऱ्या दिवशी मी हट्टानं पुन्हा इको करवून घेतला. हृदयाभोवतीच्या आवरणात दाहामुळे पाणी साचत होतं. दुपारी भानुदासला धाप लागली, बीपी घसरलं. सरांनी स्वतः सुई घालून पाणी काढलं. त्यांचा हात फार चांगला आहे.

घरी जाताना चंद्रकला म्हणाली, "फडात असतो तर, मॅडम?"

सीआरपी दाह आहे एवढंच सांगतो. कुठे, किती ठिकाणी, ते सांगत नाही. एक जागा सापडली तरी आकडा उतरेपर्यंत पेशंट सोडायचा नाही, हे मी तेव्हा शिकले. सरही शिकले, फक्त ते तसं म्हणणार नाहीत.