बैठक मोडू नये म्हणून

आता तुम्ही हसणारच, म्हणून आधी चहाचा कप खाली ठेवा. मग सांगते, मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या धंद्याचं नाव कसं बदललं.

धंदा म्हणजे काय, तर विकायला काढलेले फ्लॅट सजवून द्यायचे. पडदे, दिवे, दोन-चार कुंड्या. गिऱ्हाईक आत आलं की त्याला वाटलं पाहिजे, आपण इथंच राहतो. पण गिऱ्हाईक आणतो एजंट. म्हणून मी बीड बायपासच्या जब्बारभाईंच्या मागं हात धुऊन लागले होते. धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी शब्द टाकला की बाकीचे एजंट आपोआप दार उघडतात. पण मी गेले की म्हणायचे, "ताई, घर हाय, नवरी थोडीच हाय सजवायला." पुढच्या आठवड्यात मी पुन्हा हजर. माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. अक्कल कधीकधी राहून जाते, ते वेगळं.

शेवटी कंटाळून त्यांनी एक फ्लॅट दिला. म्हणाले, "रविवारी हॉलमधी बैठक लावायची हाय. मागच्या दोन मोडल्या."

"मोडल्या? कशामुळं?"

"मालकामुळं. फुलंब्रीचे आबासाहेब. वजनदार माणूस, त्यात डोकं गरम. ताडकन उठले, खेळ खतम. या वेळी बैठक लई पक्की पाहिजे. कोणी उठूनच नाय गेलं पाहिजे."

आता तुम्हीच सांगा, सजावट करणाऱ्या बाईला 'बैठक' म्हटल्यावर काय दिसणार? गादी, लोड, तक्के!

त्यात हा गृहस्थ दोन बैठका मोडून बसलेला. म्हणजे लाकडी सामान नकोच. सोफा, खुर्च्या, सगळं टेम्पोत घालून धाडून दिलं. कापसाच्या जाड गाद्या आणल्या. मन भरेना, म्हणून एकावर एक रचल्या आणि वर फोम. पांढरीशुभ्र चादर, हिमरू कापडाच्या खोळी घातलेले लोड. हत्ती बसला तरी मोडणार नाही, असं काम केलं.

रविवारी जब्बारभाई आले आणि दारातच थांबले.

"सोफा किधर गया?"

"पाठवला की. तुम्हीच म्हणालात ना, पक्की बैठक."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, बैठक म्हंजे बोलणी. सौद्याची."

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. पहिलंच काम, आणि बायपासवरच्या तमाम एजंटांची दारं मला धडाधड बंद होताना दिसली. पण रडत बसले तर ती मी कसली? ओढणी खोचली आणि म्हटलं, "बसवा सगळ्यांना. चहाचं मी बघते."

फ्लॅट घेणारे बजाजनगरचे नवरा-बायको एका कडेला अलगद टेकले. आबासाहेब मधोमध बसले, ते कमरेपर्यंत आत गेले. भावाचा विषय निघाला तसे ते लाल झाले.

"ह्या भावात? चाललो मी!"

उठायला गेले, ते लोडावर आडवे. पुन्हा जोर लावला, पुन्हा आडवे. मग घेणाऱ्या काकांनी हात दिला, तर तेही त्यांच्या अंगावर. काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी आबासाहेबांनाच हसू फुटलं.

"आता काय उठवत नाय बुवा. चहा आणा, काय ते इथंच ठरवा."

आणि ठरलं. खरंच ठरलं.

जिना उतरताना जब्बारभाई म्हणाले, "ताई, तुमचं नाव सगळ्या एजंट लोकांना सांगतो बघा." मी हवेतच होते. घरी जाताना पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन.

"जब्बारभाईनं नंबर दिला. आम्ही बी एजंटच. तुम्ही गादीवाल्या ताई ना? घरी जुन्या गाद्या पडल्यात, पिंजून मिळतील का?"

काय करणार? एजंट होता हो, दार उघडत होता. मी म्हटलं, "मिळतील की. पत्ता सांगा."

तेव्हा चहा घ्या आता, आणि मला सांगा, तुमच्या ओळखीत कोणी कापूस पिंजणारा आहे का?