येसूकाकी आणि सोळा तास

येसूकाकीला गावात कोणी मवाळ म्हणणार नाही. नवरा गेल्यावर आंब्याच्या कलमांची राखण तिने एकटीने केली आणि शेजारच्या दिराशी, दादूशी, दगडी कुंपणाच्या गडग्यावरून रोज भांडली. रत्नागिरीच्या बाजारातल्या मासेवाल्यासुद्धा तिच्या नादी लागत नाहीत. मी तिच्या पलीकडच्या घरातला, तिच्या शिव्या खातच मोठा झालो. पण गेल्या शिमग्यात तिच्या वाट्याला जे आलं, त्याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

शिमग्यात देवीची पालखी एका रात्रीच्या वस्तीला काकीच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येते. घरच्या पुरुषाने ती बांधावरून खांद्यावर घेऊन आत आणायची, अशी रीत. पुरुष हजर नसेल तर मान भावकीतल्या पुढच्या घराला, म्हणजे दादूला. आणि एकदा गेलेला मान परत मिळत नाही. काकीचा मुलगा हर्षद मुंबईत होता तोवर अडचण नव्हती. यंदा तो सॅन फ्रान्सिस्कोला.

"शनिवारी संध्याकाळी विमानात बसतो," त्याने फोनवर सांगितलं. "साडेतेरा हजार किलोमीटर, पण सोळा तासांत मुंबईत. मध्ये कुठे थांबायचं नाही."

काकीने बोटांवर मोजलं. रविवारी दुपारी मुंबई, तिथून गाडी, दिवेलागणीनंतर घरी. वस्ती रविवारीच ठरली होती. मग ती दादूच्या दारावरून मुद्दाम मोठ्याने बोलत गेली, माझा झील येतोय म्हणून.

रविवारी खळं सारवून झालं. हर्षदचा फोन बंद. रस्त्यात रेंज नसेल, असं ती प्रत्येकाला सांगत राहिली. ढोल बांधापर्यंत आले आणि थांबले. दादू नवं धोतर नेसून तयारच होता.

"वयनी, दारात पुरुष नाय. देवीला किती येल ताटकळत ठेवायची?"

"येतोय तो," काकी म्हणाली.

मी म्हटलं, घटकाभर थांबूया. पालखीचा मानकरी धोंडू गावकार माझ्यावर खेकसला, "तू शेजारी. तुझा काय संबंध?" थोडा वेळ गेला आणि पालखी दादूकडे वळली. दादूच्या तोंडावरचा आनंद बघवत नव्हता.

हर्षद सोमवारी सकाळी आला. गाडीतून उतरताच म्हणाला, "आई, मी सोळा तासच म्हटलं होतं. तिथली शनिवार संध्याकाळ म्हणजे इथली रविवार सकाळ. एवढं तरी लक्षात घ्यायचंस."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. विमान किती पळतं ते सांगितलं, कुठल्या वारी पोचणार एवढं सांगायला याची जीभ झिजली असती काय?

पालखी अजून दादूच्या खळ्यात होती. हर्षद धावत बांधापाशी गेला.

"मान काल होता," दादू आतूनच म्हणाला.

काकी खण-नारळाचं ताट घेऊन बाहेर आली. ज्या खळ्यात तिने कित्येक वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, तिथे ती ओटी भरायला इतर बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"आई, मी आता काय करू?" हर्षदने विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"जा, झोप जा. तुझ्याकडे आता रात्र असेल."