वांग्यातली पाथरी

वांग्यांच्या वाफ्यात आपोआप उगवलेल्या पाथरीला पिवळी फुलं आली आहेत. सकाळपासून मी त्यांच्याकडे बघत होते, कारण आज धाकटे दीर तणनाशक मारणार होते.

वांग्यांच्या मधल्या जागेत मी चवळी लावली आहे. तिच्या पानांनी जमीन झाकली, तसं खालच्या गवताला ऊन मिळेना. पाथरी मात्र मी मुद्दाम राखली. तिचं मूळ खोल जातं आणि तिथली माती भुसभुशीत होते. हे माझ्या हातांना कळलं आहे, पण चार माणसांत सांगणं मला जमत नाही.

दीर पाठीवर पंप घेऊन आले. "वहिनी, सरका. औषध मारतो."

जाळणाऱ्या पाण्याला औषध का म्हणतात, कोण जाणे. मी सरकले नाही. तिथेच खाली बसून पाथरी खुडायला लागले.

"काय करताय?"

"भाजी खुडतेय, भाऊजी."

"ही कसली भाजी? तण आहे ते."

"परवा दोनदा मागून घेतलीत ती हीच."

त्यांनी पंपाची नळी खाली केली. जेवताना त्यांनी भाजीचं नाव विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

"बरं, एवढा वाफा राहू दे," म्हणत ते बांधाकडे वळले.

मी पदरात निम्मीच पाथरी घेतली. पंपाचा आवाज सुरू झाला, तेव्हा पाथरीच्या एका सुकल्या फुलाचा कापूस बी घेऊन सुटून वाऱ्यावर त्यांच्यामागे बांधाकडे निघाला होता.