पाठपोट पानावरची शेंदरी शाई

"अप्पा, एक विचारू का? ह्यो धनाजी कोण?"

"कोन्ता धनाजी?"

"तुमी लिवलालाव तो. नवी शाई बगायची म्हनलं की दरयेळंला तुमी ह्योच लिवताव. म्या इतके दिवस समजत होतो, तुमचा ल्योक असंल."

"माजा कुनी न्हाय त्यो," धुळाप्पा म्हणाला. "आन् मेलेला हाय. जित्याचं नाव ह्या रंगात लिवत असतेत व्हय?"

हैदरचं दुकान उमरग्याच्या स्टँडच्या बाजूला. घड्याळं आणि पेनं दुरुस्त करतो. शाईचं पेन वापरणारी माणसं तालुक्यात आता बोटावर मोजण्याइतकी राहिली, त्यातलं हे एक गिऱ्हाईक. गेल्या तीन आठवड्यांत धुळाप्पा चौथ्यांदा आला होता आणि प्रत्येक वेळी शेंदरी शाईला नाक मुरडून गेला होता. हैदर म्हणाला, तुमी शाई बगलालाव का सोयरीक? धुळाप्पानं मान वर न करता सांगितलं, सोयरीक सोपी असती बाबा, पोरगी पानाच्या मागं फुटत न्हाय.

धुळाप्पा हेळवी. म्हणजे घराघरांची वंशावळ सांभाळणारा. बाप बिरू बैलावर बसून गावं फिरायचा, हा जुन्या मोपेडवर फिरतो. मागं मांजरपाटात बांधलेल्या वह्या. गावात गेला की ज्याच्या दारात बसेल त्याच्या खापरपणज्यापासून आज पाळण्यात असलेल्या पोरापर्यंत वाचून दाखवायचं, नवं जन्मलेलं लिहायचं, आणि पायली-दोन पायली ज्वारी घेऊन पुढच्या दाराला जायचं.

ह्यांच्या घराण्याची एक रीत आहे. जित्याचं नाव काळ्या शाईत. माणूस मेलं की त्याच्या वर्षश्राद्धाला तेच नाव शेंदरी शाईनं गिरवायचं. गिरवलं की माणूस मोकळं. तोवर ते उंबऱ्याच्या आत ना बाहेर, असं अडकून बसतं, असं बिरू सांगायचा. बिरू शेंदूर आणि बाभळीचा डिंक खलून शाई करायचा आणि बोरूनं लिहायचा. बोरू गेले, धुळाप्पाचा हात कापायला लागला, आणि शेंदूर पेनात घातला की पेनाचं नरडं बंद. बॉलपेन चालत नाही, दाबून लिहावं लागतं आणि सत्तर वर्षांचा कागद चिरतो. स्केचपेन तर पानातनं आरपार जातं. म्हणून जाड निबाचं शाईचं पेन आणि म्हणून ही वणवण.

पान पाठपोट लिहिलेलं असतं, सगळी अडचण तिथं आहे. पुढं आजा-आजी, मागं नातवंडं.

सास्तूरची तुळजाबाई गेल्या साली वारली. येत्या गुरुवारी वर्ष होणार होतं, आणि तिचा ल्योक शिवलिंग यानं फोन करून सांगितलं होतं की आईचं नाव गिरवायला या. धुळाप्पानं घरी वही उघडून पान उजेडावर धरलं. तुळजाबाईच्या नावाच्या बरोब्बर मागं तिच्या नातीचं नाव होतं. हर्षाली. वय एकोणीस, लातूरला नर्सिंग शिकती.

हैदरनं पुण्याहून, सोलापुराहून बाटल्या मागवल्या होत्या. पहिली दिसायला झकास, पण अक्षर उमटायच्या आत त्याला केसं फुटली आणि मागच्या बाजूला सबंध नाव उलटं वाचता आलं. एक अशी की निबातच वाळून बसायची. पेन झटकावं तर थेंब कुणाच्या नावावर पडेल ह्याचा भरवसा नाही. एक नुसतीच पिवळी, तिला शेंदरी म्हणायचं म्हणजे हळदीला कुंकू म्हणायचं. धुळाप्पा तपासायला त्याच वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानाच्या पट्ट्या कापून आणत होता. तसला कागद आता कुठं मिळत नाही. पट्ट्या उरल्या होत्या दोन.

आज हैदरनं कपाटाच्या मागून अर्धी भरलेली बाटली काढली. हैदराबादची. म्हणाला, एका रिटायर मास्तरची होती, ते गेल्यावर त्यांच्या सुनेनं आणून दिली, शानी शाई हाय, उड्या मारत न्हाय आन् रुसत बी न्हाय, फकस्त वाळायला टाइम घेती. पेन धुऊन भरलं. धुळाप्पानं पट्टीवर लिहिलं, धनाजी. रंग वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा, अक्षराच्या सुरवातीला फिका आणि शेवटाला गडद.

पट्टी उलटायची घाई करायची नव्हती. वाळेस्तोवर दोघांना बसावंच लागणार होतं. मग धुळाप्पानं धनाजीचं सांगितलं.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. बापलेक चौथ्या दिवशी सास्तूरला पोचले. घरंच्या घरं गेलेली, आत किती माणसं होती आणि त्यांची नावं काय हे सांगायला कुणी उरलेलं नाही. नावं ह्यांच्या वहीत होती. लोक येऊन विचारायचे, हे वाचून दाखवायचे. तिथं वर्षश्राद्धाची वाट कोण बघतो. जी उरली होती ती माणसं म्हणाली, आत्ताच गिरवा, सोडवा त्यांना. बिरू गिरवत गेला. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेंदराची शाई तळाला गेली. बाप थकून झाडाखाली आडवा झाला, तेव्हा धुळाप्पानं त्याला न विचारता शाईत पाणी घातलं आणि बोरू हातात घेतला. पुढच्या नावांवर शाई बसली, पण बसायच्या आधी पाझरली. त्यानं पान उलटलं तर मागं एका घराच्या नावांवर शेंदरी डाग. त्या घरातली माणसं वाचलेली होती. डाग धनाजीच्या नावावर होता. बावीस वर्षांचा पोरगा, भूकंपाच्या वेळी पुण्याला बांधकामावर होता, धावत आलेला. धुळाप्पानं दोनच तासापूर्वी त्याच्या हातचा चहा पिला होता.

त्यानं पान मिटलं. कुणाला सांगितलं नाही.

त्याच्या तिसऱ्या दिवशी धनाजी पडक्या घरातनं ज्वारीचं पोतं काढायला आत गेला आणि उभी राहिलेली एकच भिंत त्याच्यावर आली. बिरू वही घेऊन बसला, पान काढलं, डाग बघितला, मग धुळाप्पाकडं बघितलं. एवढंच म्हणाला, "ह्याला आता शाई लावायचं काम न्हाय. लागलेलीच हाय."

त्यानंतर बाप सहा वर्षं जगला. त्या डागाबद्दल पुन्हा अक्षर काढलं नाही. धुळाप्पा सांगत होता, तवापासून त्या वहीत ज्याच्या मागं जितं माणूस हाय असलं एक बी नाव म्या गिरवलं न्हाय. आज करतो, उद्या करतो. तसली अकरा झाली. तुळजाबाई बारावी. सास्तुरातनं निघालो की गाडी जड चालती. चढाला तर दोन बारीला उतरून बगितलं, चाकात हवा हाय का.

हैदरनं निबाला लागलेली शाई पुसली.

"अप्पा, भिंत पडली. शाईनं मारलं न्हाय त्याला."

"व्हय. भिंतच पडली," धुळाप्पा म्हणाला. "पर उभी एकच राहिली होती, आन् ती बी त्याचीच वाट बगत."

पट्टी उलटली. मागचा कागद कोरा होता. उजेडावर धरला तरी कोरा. हैदरनं पैसे घेतले नाहीत, बाटलीच्या टोपणाला दोरा गुंडाळून दिला आणि बजावलं, लिवून झालं की पेन धुवा, आन् पान मिटू नका.

गुरुवारी सास्तूरला शिवलिंगच्या ओसरीत सतरंजी टाकली होती. धुळाप्पानं घराणं पहिल्यापासून वाचलं. तुळजाबाईपाशी आला तेव्हा बायकांनी डोक्यावरनं पदर घेतले. त्यानं मनगट गुडघ्यावर टेकवलं आणि नाव गिरवलं. निब कागदावर नुसतं घसरत गेलं. हर्षाली सुट्टी काढून आजीच्या वर्षाला आली होती. ती वाकून बघायला लागली, माझं नाव कुठं आहे म्हणून हात पुढं केला.

"मागं हाय तुजं. वाळूस्तर पानाला हात लावायचा न्हाय."

"किती वेळ लागतंय?"

"तुजं लगीन ठरंस्तर," शिवलिंग म्हणाला, आणि बायका हसल्या.

धुळाप्पा हसला नाही. तो पानाकडं बघत बसला. समोर चहा आला, त्यावर साय धरली. पोरगी उंबऱ्यावर उभी होती, आत ना बाहेर. त्यानं तिला दोनदा सांगितलं की एका जागी खाली बस.

मग त्यानं पान उलटलं. हर्षाली, काळ्या शाईत, शेजारी जन्मसाल. दुसरं काही नाही. त्यानं अंगठा फिरवून बघितला, मग पान तिच्यापुढं धरलं. तिनं फोटो काढला.

माणसं जेवायला बसली तसा धुळाप्पा ओसरीच्या कोपऱ्यात सरकला आणि त्याच वहीतलं ते दुसरं पान काढलं. एकतीस वर्षांत डाग फिका पडला नव्हता. आता ह्या पानाच्या दोन्ही बाजूंना कुणी जितं राहिलं नव्हतं, भ्यायचं कारण नव्हतं. तरी त्यानं पेन टेकवायला वेळ लावला. मग धनाजीचं नाव गिरवलं, पहिल्यांदा, नीट, काना-वेलांटीसकट. नवी शाई चांगली बसली. पण जुना डाग तिच्याखालनं दिसतच राहिला, ओल्या भिंतीवर चुना मारावा तसा. अकरा नावं अजून होती आणि प्रत्येकाला वाळायला अर्धा तास. ती उद्यावर गेली.

इतक्यात शेजारच्या महारुद्राचा निरोप आला, घरात नातू झालाय, बारसं होऊन महिना झाला, नाव लिहून जा. धुळाप्पानं शेंदरी पेन हैदरनं सांगितल्याप्रमाणं तीन पाण्यांनी धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि काळं पेन खिशाला लावलं. मोरीवर हात धुतले. उजव्या तर्जनीच्या पेराला शेंदरी शाई लागली होती, ती साबणानं निघाली नाही, मातीनं घासली तरी निघाली नाही.

महारुद्राच्या सुनेनं पोर मांडीवर घेतलं होतं. धुळाप्पानं मांजरपाटाची चिंधी फाडून बोटाला बांधली, गाठ दातानं आवळली.

"काय लागलं अप्पा?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "नाव सांग पोराचं. सावकाश सांग."

आणि काळ्या पेनाचं टोपण काढलं.