माणूस मागणारी गुलाबबाय

गुलाबबायच्या नवऱ्याचा, दामोदरभावोजींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि हात थांबले. ते म्हणाले, "गेली गुलाब. झोपेतच गेली. पाठ टेकून झोपली होती..." मी फोन ठेवला. पहिल्यांदा मनात जे आलं ते दुःख नव्हतं, हे मी आज लिहूनच टाकते. मला हायसं वाटलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला भेटून आले होते. फुप्फुसं आखडत जाण्याचा आजार होता तिला. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून कित्येक दिवस ती उशांना टेकून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायची. मला म्हणाली होती, "मना दुसरं काय नको गो शुभा. एकदा पाठ टेकून झोपायचंय." ती तशी झोपली, आणि तशीच गेली. रडू नंतर आलं, दुपारी. पण आधी आला तो सुटकेचा श्वास, आणि तो मी तिच्या वतीनेच घेतला असं मला वाटतं.

गुलाब म्हात्रे ठाण्याच्या कोपरीतली. तिच्या आजोबांनी, वडिलांनी मिठागरात काम केलं. ती औषधांच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायची. डोंबिवलीजवळच्या त्या कंपनीत ती पॅकिंगच्या लाइनवर होती आणि मी स्टोअरमध्ये. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, पण आमचं बोलणं 'खोके संपले' आणि 'उद्या देते' यापलीकडे कधी गेलं नाही. सगळे तिला गुलाबबाय म्हणत. आवाज असा की ती कॅन्टीनमध्ये हसली की वरच्या मजल्यावर कळायचं. मला खरं तर तिची थोडी भीतीच वाटायची.

मग कंपनी गुजरातला हलवायचं ठरलं. काही लोक तिकडे गेले, आम्हाला कुणी विचारलं नाही. शेवटचे काही आठवडे आम्ही यंत्रांचे सुटे भाग, कपाटं, खुर्च्या खोक्यांत भरत होतो. गुलाबबाय खोक्याला चिकटपट्टी मारत म्हणाली, "आजवर गोळ्या पॅक केल्या, आता कंपनीच पॅक करतोय." सगळ्याजणी हसलो. दुसऱ्या दिवसापासून कुठे जायचं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

माझी गत वाईट होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कल्याणला भाड्याची खोली, मुलगी गौरी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. चिपळूणहून भाऊ रोज फोन करायचा, "अगं, ये इकडे दोघी. खायला काही कमी नाही." खायला कमी नव्हतं हे खरं, पण गौरीचं कॉलेज सुटलं असतं आणि ते पुन्हा सुरू झालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दिवाळीनंतर खोली सोडते असं मी घरमालकांना सांगून टाकलं होतं. त्याच सुमारास कंपनीतल्या एका जुन्या युनियनवाल्याने सांगितलं, की पगारातून आपले कामगार विम्याचे पैसे कापले जात होते. नोकरी गेली की त्या विम्यातून काही महिने पगाराचा काही भाग मिळतो. बेकारी भत्ता. आम्ही धावत जाऊन अर्ज भरले.

त्यानंतर सुरू झालं वाट पाहणं. मोबाइलवर अर्जाची स्थिती बघता यायची. रोज सकाळी मी बघायचे, रोज तिथे तीच अक्षरं... 'अंडर प्रोसेस'. एकदा आम्ही दोघी विम्याच्या शाखेबाहेर उभ्या होतो. गुलाबबायने माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "काय लिवलंय?"

"काम चालू आहे, असं लिहिलंय."

"कोन करतंय?"

ती दारातून आत वाकून बघत म्हणाली, "अगो बघ ना. चार टेबलं हायेत, नि माणूस एकच. मग काम करतंय कोन?"

खरंच होतं ते. शाखा पहिल्या मजल्यावर. चार टेबलं, त्यातल्या तीन टेबलांवरच्या कॉम्प्युटरना प्लास्टिकचे झगे घातलेले. चौथ्याशी सावंत मॅडम. चाळिशीच्या, चष्म्याआड डोळे सुजलेले. आजारपणाची रजा, अपघात, बाळंतपण, विधवांचं निवृत्तिवेतन, सगळे लोक त्यांच्याचपुढे. त्यात त्या वर्षी आजूबाजूच्या बऱ्याच कंपन्या बंद पडलेल्या, त्यामुळे बेकारी भत्त्याचे अर्ज नुसते येऊन पडत होते. बाहेर पॅसेजमध्ये पंखा नाही, बाकडं एक. माणसं जिन्यावर बसून असायची. चिडलेली, घामेजलेली, एकमेकांना जुन्या कंपनीच्या गोष्टी सांगणारी.

एके दिवशी भडका उडाला. शिंदे म्हणून एक वेल्डर होता, चांगला माणूस, पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. त्याने टेबलावर मूठ आपटली. "फुकटचा पगार घेता काय? आमची पोरं काय खाणार?" त्याच्या मागून आणखी आवाज चढले. मॅडम उठल्या, मागच्या छोट्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. आता आज काही होत नाही, असं म्हणून लोक जिना उतरायला लागले. गुलाबबाय मात्र आपला डबा घेऊन सरळ आत गेली. मागोमाग मी.

मॅडम खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. गुलाबबायने ना समजूत घातली, ना काही विचारलं. डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. "बाय, जेवलीस का?" मॅडमनी मान हलवली. "मग आधी खा. मग रड हवं तेवढं." मॅडमना त्या रडण्यातही हसू आलं. त्यांनी घास घेतला आणि खाता खाता सगळं बाहेर आलं. एकजण निवृत्त झाले, एकाची बदली, एक बाई लांबच्या रजेवर. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मॅडमनी तपासलेल्या अर्जावर ज्या अधिकाऱ्याची सही लागते त्यांच्याकडे दोन शाखा, ते आठवड्यातून एकदाच इथे येतात. "मी घरी जाऊन स्वयंपाक करताना पण लोकांचे नंबर डोळ्यांपुढे दिसतात हो," त्या म्हणाल्या. "वर कितीदा कळवलं. मी काय करू सांगा..."

गुलाबबाय बाहेर आली. शिंदे अजून जिन्यात उभा होता, चेहरा उतरलेला. ती त्याला म्हणाली, "तिला शिव्या देऊन तुझा भत्ता येनार हाय का? ती एकटीच बोट वल्हवतेय, नि आपन तिलाच दगड मारतोय. ज्याच्याकडं मानसं हायेत त्याच्याकडं चल." शिंदे म्हणाला, "ते कुठे बसतात?" "ठाण्याला. माझ्या घराजवळ. चहा पन पाजते, चल."

अशा रीतीने आम्ही आठ-दहाजण ठाण्याच्या वरच्या कार्यालयात गेलो. बराच वेळ बसवून साहेबांनी आत बोलावलं. माणूस काही उर्मट नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर असं करा. तुमची नावं द्या. तुमचे अर्ज मी या आठवड्यात मार्गी लावतो."

माझा जीव भांड्यात पडला. मी पर्स उघडून पेन शोधायलाही लागले. तेवढ्यात गुलाबबायचा आवाज आला. "आमचे नको, साहेब."

साहेब बघतच राहिले. मीही.

"आमचे पुढं काढलेत, की जिन्यावर बसलेत त्यांचे आनखी मागं जातील. तुम्ही आमाला माणूस द्या. त्या बायला जोडीला कोनीतरी द्या."

"अहो बाई, भरती माझ्या हातात नाही."

"भरती नको. उसना द्या. आमच्या कंपनीत एका लाइनीवर बाई कमी पडली तर दुसऱ्या लाइनीवरनं आनायचे. काम उरकलं की परत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, "बघतो" म्हणाले. बाहेर आल्यावर मला तिचा भयंकर राग आला होता. मी म्हटलं, "तुझं ठीक आहे गं, कोपरीत स्वतःचं घर आहे तुझं. मला खोली सोडावी लागणार आहे!" तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "खोली सोडू नको. जमलं नाय तर तू नि पोरगी माझ्याकडं ऱ्हावा. पोरीचं कॉलेज सुटता कामा नये." ती हे इतक्या सहज म्हणाली, की माझा राग कुठल्या कुठे गेला. घरी जाऊन मी गौरीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, मला त्यांना भेटायचंय."

पुढे गुलाबबाय दर आठवड्याला त्या कार्यालयात जात राहिली. कधी मी सोबत, कधी शिंदे, कधी पॅकिंगच्या बायका. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. साहेब येताना-जाताना दिसले की ती उठून उभी राहायची, "साहेब, माणूस?" एवढंच विचारायची. शिपाईसुद्धा तिला बघून हसायला लागला. आणि एका सकाळी शाखेत गेलो तर दोन टेबलांवरचे प्लास्टिकचे झगे निघालेले! एक तरुण मुलगी आणि एक पोक्त गृहस्थ, दोघेही दुसऱ्या शाखेतून काही महिन्यांसाठी आलेले. सहीचे अधिकारीही दिवसाआड येऊ लागले. हे गुलाबबायमुळे झालं, की तसंही होणारच होतं, मला सांगता येणार नाही. सावंत मॅडमना विचाराल तर त्या एकच नाव सांगतील.

मग जिना रिकामा होत गेला. शिंदेचे पैसे आले, तो पेढे घेऊन आला आणि पहिला पेढा मॅडमच्या टेबलावर ठेवून मान खाली घालून उभा राहिला. माझे पैसे आले तेव्हा मी बाजारात होते. मेसेज वाचला आणि तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. घरमालकांना फोन केला, "खोली सोडत नाही." ते म्हणाले, "बरं झालं, मी कुठे दुसरं गिऱ्हाईक बघितलंय." त्या भत्त्याच्या आधारावर चार महिने निघाले, तेवढ्यात मला एका दवाखान्यात हिशेबाचं काम मिळालं. गौरी पदवीधर झाली. आज ती नोकरी करते.

गंमत म्हणजे गुलाबबायचे पैसे सगळ्यांत शेवटी आले. एका कागदावर गुलाब, दुसऱ्यावर गुलाबबाई, त्यामुळे अर्ज परत गेला होता. मी हळहळले, तर ती खदाखदा हसली, "मीच उसनी मानसं आनली, नि मीच लटकली!" तिचं काम झालं त्या दिवशी सावंत मॅडम ऑफिस सुटल्यावर कोपरीला तिच्या घरी गेल्या, स्वतःच्या तोंडाने सांगायला. तांदळाच्या भाकऱ्या खाऊन परत आल्या. पुढे नोकरीच्या मागे न लागता गुलाबबायने घरातूनच त्या भाकऱ्या विकायला सुरुवात केली. आजार कळेपर्यंतची ती वर्षं तिची सगळ्यांत मजेची होती. "आता मना कोन काढनार?" म्हणायची.

तिच्या तेराव्याला गेले तेव्हा मॅडमही आल्या होत्या. मॅडम एवढंच म्हणाल्या, की आता शाखेत तिघं कायमची माणसं आहेत, आणि त्या वेळेवर घरी जातात. मी त्यांचा हात धरला. बरं वाटलं... खूप बरं वाटलं.

परवा पुन्हा कोपरीला गेले, सहज, भावोजी कसे आहेत बघायला. ओट्यावर बसलो होतो. वस्तीतल्या बायकांना एक सवय लागली होती म्हणे. रेशन असो, पेन्शन असो, सरकारी कचेरीत जायचं म्हटलं की आधी गुलाबबायच्या ओट्यावर यायचं, आणि ती सोबत जायची. तेवढ्यात एक बाई आली, पदराने घाम टिपत. वस्तीत नवीन असावी. म्हणाली, "गुलाबबाय हायेत का? कचेरीत जायचंय, एकटीला भीती वाटते." भावोजी उठून आत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. बाहेर आले ते धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून भांग पाडून.

"ती नाय आता," ते त्या बाईला म्हणाले, पायांत चपला सरकवत. "चल, मी येतो."

आणि ती दोघं गल्लीतून निघाली.