तू उठशील तवा

एस्तेर गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी शेंगा निवडत होते. तिची सून एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेल्या…" मी बरं म्हटलं आणि उरलेल्या शेंगा निवडून संपवल्या. रडू आलं ते कंधारच्या एसटीत, तेही थोडंच. आम्हा दोघींना रडण्यापेक्षा भांडणाची सवय जास्त.

आम्ही कंधारच्या एकाच ख्रिस्ती मंडळीत लग्न होऊन आलेल्या सुना, पहिल्या दिवसापासूनच्या मैत्रिणी. मोठ्या दुष्काळात चर्चच्या आवारातला आड तेवढा ओला राहिला आणि पाळकांनी त्याची राखण एस्तेरकडं दिली. पाणी फक्त माणसांना. माझी म्हैस गाभण होती. मी मैत्रीच्या भरवशावर घागर घेऊन गेले, तर तिनं दोर पायाखाली दाबून धरला. "तुझी म्हैस गाभण हाय, मला बी ठावं हाय. पर लेकरांच्या तोंडचं पाणी जनावराला न्हाई देणार मी." म्हैस लोह्याच्या बाजारात मातीमोल गेली. एस्तेरचं चुकलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग जातो थोडाच! मी बोलणं टाकलं.

आमच्याकडं रीत अशी, की मनात कुणाबद्दल अढी असेल तर येशूच्या आठवणीत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. आधी समेट करायचा. त्या साली भाकर सरकारी लाल ज्वारीची असे, आणि ती भाजायची एस्तेरच. मी मागच्या सतरंजीवर बसून राहिले. भाकर पुढं ठेवून ती सरळ मागं आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

"तुझं काय अडलंय? तू जा की," मी म्हटलं. रागात का होईना, बोलले.

"तू उठशील तवा मी उठीन."

दर खेपेला हेच. सगळी मंडळी पुढं, आणि भाकर भाजणारी मागं. पाळक समजावून थकले. बघू कोण आधी दमतं, असं मी मनात म्हणायची… शेवटी मीच दमले. माफ केलं वगैरे काही नाही. आपल्यापायी ही बाई प्रभूच्या पंगतीला मुकतेय, एवढंच सोसवेना. "ऊठ गं बाई," म्हणून हात दिला. अढी नंतर कधीतरी गेली, केव्हा ते सांगता येणार नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत आमच्या यजमानांची बदली झाली. "आता भांडायला बी एसटीनं यावं लागंल तुला," एस्तेर म्हणाली. मी येत राहिले. गुडघे गेले तरी आम्ही खुर्च्या घेतल्या नाहीत. मागच्या सतरंजीवरच बसायचो आणि भाकरीच्या वेळी एकमेकींचा हात धरून उठायचो.

परवा तिच्यामागचं पहिलं प्रभुभोजन होतं. आता बेकरीचा पाव असतो. पाळकांनी बोलावलं तसा सवयीनं माझा उजवा हात शेजारी गेला, आणि थोडा वेळ तसाच राहिला… बसून राहावं असं फार वाटलं. पण तिचा हट्ट मला ठाऊक आहे. तिकडं प्रभूच्या घरी पंगत मांडलेली असेल, आणि मी उठले नाही तर ही बया माझ्यासाठी मागं बसून राहायची. मी जमिनीला हात टेकला आणि उठले.