शुक्रवारी ऐकू आलेला निरोप

ती घटना मला आजही आठवते, आणि शुक्रवारी जरा जास्तच.

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे पन्नाशीची. हवालदाराची फौजदार होऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि खांद्यावरचे तारे मी रोज सकाळी रुमालाने पुसत असे. चोर मला नुसत्या चालीवरून कळतो, असा माझा समज होता. समज बाळगायला परवाना लागत नाही.

भिवंडीतल्या आमच्या पोलीस ठाण्यात एका बुधवारी संध्याकाळी अंजूरची एक बाई आली. काल्हेरच्या गोदामात पॅकिंगला जाणारी, नवरा वारलेला, एकुलती मुलगी नर्सिंग शिकलेली. शहरातल्या एका एजंटाने तिला आखातातल्या एका देशात, नव्या हॉस्पिटलात नोकरी लावून दिली होती. मुलगी त्याच दिवशी पहाटे विमानाला म्हणून घरातून निघाली आणि फोन बंद झाला. मग दुपारी तिच्या नंबरवरून एक व्हॉइस मेसेज आला.

बाईने तो मला ऐकवला. "मम्मी, मी पोचले. हॉस्पिटल खूप चांगलं आहे. काळजी करू नको. बाकीच्या मुलींनाही पाठवा."

"पोचली की सुखरूप," मी म्हटले. "मग तक्रार काय?"

"म्याडम, आवाज तिचाच हाय. पन ती मना 'आये' बोलते. मम्मी ती कदी बोललीच न्हाय."

"अहो, परदेशात गेली. आता मम्मीच म्हणणार."

"विमानात शिकवतान काय?" बाई शांतपणे म्हणाली.

मी आवाज चढवला. सज्ञान मुलगी, स्वतःच्या तोंडाने सुखरूप आहे म्हणते, मिसिंग कशी नोंदवणार? तरी स्टेशन डायरीला नोंद घेतली, इमिग्रेशनला पत्र पाठवले आणि गुरुवारी एजंटाला चौकशीला बोलावले.

माणूस असा गोड की खजुराने त्याच्याकडून शिकावे. "मॅडम, तिकडे रोज एक नवं हॉस्पिटल उभं राहतंय. बिल्डिंग तयार, मशीन तयार, माणसंच नाहीत. आपल्या पोरींना केवढा मान! आणि धंदा म्हणाल तर लॅब, फिजिओथेरपी, घरपोच नर्सिंग, सगळ्याला वाव आहे." माझा मुलगा रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, हे कळल्यावर तो पुढे सरकला. "मग भागीदारीत स्वतःची लॅब काढू द्या की त्याला."

चौकशी मी करत होते; पण निघताना प्रश्न विचारून झाले होते त्याचे, आणि माझ्या डोळ्यांपुढे वाळवंटात मुलाच्या नावाची पाटी लागली होती. माझे हवालदार, कोकणी मुसलमान, जन्म भिवंडीतला, दारात उभे राहून सगळे ऐकत होते. "मॅडम," ते म्हणाले, "पाटी मराठीत लावायची की अरबीत?"

शुक्रवारी सकाळी बाई पुन्हा आली. एजंट तोच निरोप त्याच्या यादीतल्या बाकीच्या मुलींच्या घरोघरी ऐकवत होता. त्या मुली शनिवारी निघणार होत्या. तिला वाटेला लावावे म्हणून मी म्हटले, "लावा, परत ऐकू."

आणि मला मागांचा आवाज आला.

आमच्या ठाण्याच्या मागच्या भिंतीला यंत्रमागाचा कारखाना आहे. तो खटखटाट आम्हाला ऐकूच येत नाही, जसे स्वतःच्या घराला काय वास येतो ते कळत नाही. पण शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात. बाहेर शांत होते. खटखट फोनमधून येत होती, मुलीच्या आवाजामागून. बुधवारी आम्ही तो निरोप चालू मागांच्या शेजारी बसून ऐकला होता.

मुलगी विमानात बसलीच नव्हती. ती भिवंडीतच होती, आणि तिच्या तोंडून बाकीच्यांना बोलावले जात होते. एजंटाला सुगावा लागला असता तर तिला तासाभरात हलवले असते. फोन कुठे आहे ते मागवले, पण तो बंद होता आणि कंपनीचे उत्तर कधी येईल याचा भरवसा नव्हता.

हवालदारांनी निरोप कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला. "शेवटी सगळे माग एकदम थांबले. लाइट गेली."

वीज कार्यालयाला विचारले. बुधवारी दुपारी, निरोप आला त्या वेळी, शहराच्या एकाच भागात वीज गेली होती. पण तिथे गल्लीगल्लीत कारखाने. हवालदारांना साध्या कपड्यांत तिकडे पाठवले, सोबत दोन महिला शिपाई. आणि एजंटाला मी स्वतः फोन केला. "भाऊ, लॅबचं जरा सविस्तर बोलायचं होतं. येता का?"

तो लगेच आला. संशय कशाला येईल? माझा मूर्खपणा त्याने आदल्याच दिवशी पाहिला होता. तोच मी पुन्हा अंगावर चढवला, आणि मला तो नेमका मापात बसला.

मुलीची आई आतल्या खोलीत. बाहेर मी परवाना कसा काढायचा, जागा कुठे घ्यायची, तिकडे मुलाला डाळभात मिळेल का, असले प्रश्न विचारत राहिले. तो रंगून सांगत होता. हवालदारांचा निरोप नव्हता.

त्याचा फोन टेबलावर वाजला. त्याने हात पुढे केला.

"घरून असेल," मी हसून म्हटले. "वाजू द्या. मीही नवऱ्याला पुष्कळदा वाजू देते."

तो हसला. फोन थांबला, पुन्हा वाजला. या वेळी तो हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे. दारात शिपाई उभा होता. मी फोनवर हात ठेवला. "आता मला सांगा, तिकडच्या हॉस्पिटलात माग पण चालवतात का?"

त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात माझा फोन वाजला. हवालदार धापा टाकत होते. "सापडली. बिशीवालीमुळे."

बिशी म्हणजे माग कामगारांची खाणावळ. तिथली बाई बडबडली होती की, आज कारखान्याला सुट्टी, तरी वरच्या कुलूपबंद खोलीत एक डबा जातोच. तिथेच मुलगी होती. राखणदार मघाशी एजंटालाच फोन लावत होता.

मी आतल्या खोलीत जाऊन फोन आईच्या कानाला लावला.

पलीकडून आवाज आला, "आये, जेवलीस काय?"

बाई टेबलाची कड धरून खाली बसली.

मग एजंट बोलू लागला आणि थांबेना. नर्स म्हणून नेलेल्या मुलींना तिकडे घरकामाला जुंपायचा बेत होता. हिचा निरोप ऐकवून बाकीच्या जमवायच्या आणि शनिवारी सगळ्यांना एकदम न्यायचे, म्हणून हिला कोंडले होते. शनिवारी कुणी गेले नाही. मुलीने जबाबात सांगितले, 'मम्मी' ती मुद्दाम म्हणाली होती. दुसरे काही बोलायची सोय नव्हती. तिच्या आईला ते पहिल्याच ऐकण्यात कळले. मला, चालीवरून चोर ओळखणारीला, ते कळायला अख्ख्या शहराला सुट्टी असावी लागली. तेव्हापासून तक्रार घेताना मी आधी खिडकी बंद करायची आणि मग तोंड, माझे.

ती मुलगी पुढे रीतसर, सगळी कागदपत्रे तपासून तिकडेच गेली. देश वाईट नव्हता, मधला माणूस वाईट होता. डायलिसिस विभागात आहे, तिची आई सांगते.

आता माझी नात नर्सिंगला आहे आणि तिलाही तिकडेच जायचे आहे. जा म्हटले. ती मला लाडाने 'फौजदारीण' म्हणते. तिला बजावून ठेवले आहे : पोचल्यावर निरोप पाठव. त्यात 'प्रिय आजी' असे काही ऐकले, तर मी ठाण्यात जाऊन बसेन, आणि तिथल्या नव्या फौजदाराला आधी खिडकी लावायला सांगेन.